शनिवारचा कवितेचा तास बंद केला, त्याबद्दल

मित्रहो, आज पोस्ट लांबणार आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा. विषय आपल्या गावातल्या पोरांचा आहे.

गेल्या मंगळवारी आपल्या वाचनालयाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. टाइप केलेला, खाली सही-शिक्का. मजकूर असा, की दर शनिवारी बालविभागात होणारा कवितावाचनाचा उपक्रम पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहे, सदर खोली अभ्यासिकेच्या विस्तारासाठी देण्यात येईल, सभासदांनी नोंद घ्यावी.

नोंद घेतली. आता आमचीही घ्या.

ज्यांना हा उपक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी काही साहित्यिक नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या विहिरीवरची मोटार माझ्या हाताखालून गेलीय. शिक्षण आयटीआय. वाचनालयाचा सभासद बावीस वर्षांपासून. तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त मराठीच्या बाई आणि मी, आम्ही दोघांनी मिळून हा तास सुरू केला. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात. आठवी ते बारावीची पोरं. फी नाही, नावनोंदणी नाही, बक्षीस नाही, फोटो नाही.

पद्धत अगदी साधी. एक कविता घ्यायची. एकानं मोठ्यानं वाचायची, मग दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग ज्याला जी ओळ अडकली त्यानं ती सांगायची, का अडकली तेही जमलं तर सांगायचं, नाही जमलं तरी चालतं. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न विचारायला बंदी. आणि घरी जाताना ती कविता वहीत उतरवून न्यायची आणि आठवड्याभरात घरातल्या किंवा गल्लीतल्या एका तरी माणसाला वाचून दाखवायची. बस. एवढाच गृहपाठ.

या तासाला कुलूप लावलं. का, ते विचारायला मी आणि बाई चिटणीसांकडे गेलो. चहा पाजला, चांगलं बोलले. माझं त्यांच्याशी वैयक्तिक भांडण नाही, उद्याही त्यांच्या शेतातली मोटार जळाली तर मीच भरून देणार आहे. पण त्यांनी जी तीन कारणं सांगितली ती तिन्ही मला पटलेली नाहीत. ती चार भिंतींत न ठेवता इथे मांडतो, कारण वाचनालय चार लोकांचं नाही, गावाचं आहे.

कारण पहिलं: ‘कवितेनं काय होतं? पोरांना स्पर्धा परीक्षेचं बघू द्या.’

आधी कबूल करून टाकतो. अभ्यासिका पाहिजे. माझा सख्खा पुतण्या त्याच अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसतो. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, बारकी पोरं, यात अभ्यास होत नाही हे मला कळतं. आपल्या तालुक्यातली शेकडो पोरं पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करतायत, त्यांना लाइट, पंखा आणि शांतता मिळाली पाहिजे. अभ्यासिकेच्या महिन्याच्या फीवर वाचनालयाचं लाइट बिल निघतं, हेही मला माहीत आहे. सरकारी अनुदानाची वाट बघून ग्रंथपालाचे डोळे पांढरे होतात आणि त्यांना हातात काय मिळतं ते सांगायची मला लाज वाटते. तेव्हा पैशाचा मुद्दा खोटा नाही.

पण मालक, दीड तास! आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास, त्यातला दीड. तोही बालविभागाच्या त्या खोलीत, जिथे टेबलं टाकली तरी जेमतेम दहा जण बसतील. तेवढ्या वेळात अभ्यासिकेचं नेमकं किती नुकसान होतं ते कुणीतरी मला आकड्यात दाखवा. खोलीचं त्या वेळेचं भाडं लावा, मी दुकानातून भरतो. हे मी तोंडी सांगितलं होतं, आता लेखी सांगतोय.

म्हणजे प्रश्न जागेचा नाही. प्रश्न त्या ‘कवितेनं काय होतं’ मध्ये आहे.

यावर काही जण मला म्हणाले, ‘अरे, यूपीएससीला मराठी साहित्य हा विषय घेता येतो, ते सांग की त्यांना.’ नाही सांगणार. कविता वाचली की मार्क मिळतात असं सिद्ध करून तिच्यासाठी खोली मागायची असेल, तर ती खोली मला नको. मार्कांच्या नावाखाली आपण कवितेचं काय केलंय ते पहिल्याच शनिवारी दिसलं होतं. कविता वाचून झाली, दोन मिनिटं शांत बसलो, आणि एका पोरानं हळूच विचारलं, ‘काका, ही किती मार्काला?’

त्याचा काय दोष? दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेवर एक प्रश्न असतो, ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा.’ किती चांगला प्रश्न आहे बघा. पंधरा वर्षांच्या पोराला सरकार विचारतंय, बाबा रे, तुला आवडली का, आणि का? नाही आवडली तरी सांग. आणि आपण काय केलं? त्याचं तयार उत्तर गाईडमध्ये छापलं. ‘साध्या, सोप्या भाषेमुळे व प्रभावी शब्दरचनेमुळे ही कविता मला खूप आवडते.’ असलं काहीतरी वाक्य पाठ करून वर्गातली सगळी पोरं तेच लिहून येतात. कविता निसर्गाची असो की गिरणी कामगाराची, कारण तेच. स्वतःला काय आवडतं तेसुद्धा दुसऱ्याकडून पाठ करून यायचं, ही सवय आपण पोरांना लावली. मग हीच पोरं मोठी होऊन कुणी सांगेल त्या घोषणा देतात, कुणी पाठवेल ते फॉरवर्ड करतात, आणि आपण कपाळाला हात लावतो.

कवितेनं काय होतं विचारता ना? एक गोष्ट तर नक्की होते. ‘मला काय वाटतं’ हे शोधून ते चार लोकांत बोलायची सवय लागते. आमच्याकडे एका पोरीनं एका फार मोठ्या कवीच्या कवितेबद्दल स्पष्ट सांगितलं, ‘मला नाही आवडली, यात आई नुसती राबते आणि हा तिचं कौतुक करतो, मदत कुठे करतो?’ बाई चाळीस वर्षं मराठी शिकवत होत्या. म्हणाल्या, हा प्रश्न मला कुणी वर्गात विचारला नव्हता.

कारण दुसरं: ‘प्रतिसाद नाही. दहा-बारा पोरं येतात.’

खरं आहे. रजिस्टर आम्हीच ठेवतो. कधी नऊ, कधी चौदा, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तीन. पावसात एकदा फक्त बाई, मी आणि एक पोरगा. तरी तास झाला.

किती आले असते तर चाललं असतं? हा आकडा मला सांगा. कारण गेल्या वर्षी आपल्याच गावात एका ‘मोटिव्हेशनल’ वक्त्याचं भाषण ठेवलं होतं. मंडप, साउंड, शाल-श्रीफळ, मानधनाचं पाकीट. सहाशे पोरं शाळेतून रांगेनं आणून बसवली होती. दोन तास त्यांनी ओरडून सांगितलं की परिस्थितीला दोष देऊ नका, सिंह व्हा, गरुड व्हा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, नाश्त्याचं पाकीट घेतलं, घरी गेली. आज त्यातल्या एकाला विचारा, वक्ता काय म्हणाला होता. नाश्त्यात काय होतं ते सांगेल. याला आपण प्रतिसाद म्हणतो.

आता आमच्या दहा-बारांमधलं एक ऐका. नववीतली एक पोरगी बहिणाबाईंची कविता वहीत उतरवून घरी घेऊन गेली. आजीला वाचून दाखवली. आजी अंगठाबहाद्दर, डोळ्याला दिसत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे तर आम्ही जात्यावर म्हणायचो तसलंच आहे. आणि म्हणायला लागली. पुढच्या शनिवारी ही पोरगी अकरा ओव्या लिहून घेऊन आली. अकरा! कुठल्याच पुस्तकात नसतील अशा. आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेल्या. ती आजी त्या घरात चौदा वर्षं नातीसोबत राहत होती आणि नातीला माहीत नव्हतं की आजीच्या पोटात एवढं आहे. एका कवितेनं ते बाहेर काढलं. पोरीनं एक कविता घरी नेली आणि घरातून अकरा आणल्या. हा व्यवहार तोट्याचा आहे का, ते तुम्ही धंदेवाल्यांनीच मला सांगा.

आणि बहिणाबाईंचं नाव निघालंच आहे तर बोलतोच. आपण जळगाव जिल्ह्यातले लोक. असोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई. अक्षरओळख नाही. तिशीत वैधव्य. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी रचली. घरातल्याच माणसांनी ती वेळोवेळी लिहून घेतली म्हणून वाचली. १९५१ साली ती गेली, त्यानंतर मुलानं, सोपानदेवांनी, वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. विचार करा, कुणी लिहून घेतलं नसतं तर? ती वही कुणी तरी मोठ्या माणसाला वाचून दाखवली नसती तर? कविता टिकते ती अशीच, एकानं दुसऱ्याला वाचून दाखवली म्हणून.

आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कमानीवर मोठ्या अक्षरात. पदवीच्या सर्टिफिकेटवर त्यांचं नाव छापून येतं आणि आपण ते फ्रेम करून भिंतीला लावतो. आणि त्याच बाईच्या कविता पोरांनी एकत्र बसून वाचायला त्याच जिल्ह्यात आठवड्याला दीड तास खोली मिळत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी शिवी देणार नाही.

कारण तिसरं: ‘पोरांच्या डोक्यात भलतंसलतं जातं. उदास कविता वाचता. काहीतरी प्रेरणादायी वाचा.’

हे खरं कारण आहे. आधीची दोन ही याची चादर होती. एका पालकानं तक्रार केली म्हणे. कोण ते मला विचारायचं नाही, मला माहीत असलं तरी मी लिहिणार नाही. पण घडलं काय ते सांगतो.

डिसेंबरात आम्ही बालकवींची कविता वाचली. बालकवी म्हटलं की आपल्याला हिरवळ, झरे, फुलं, आनंद आठवतो, कारण शाळेत तेवढंच शिकवलं. पण याच कवीनं उदासीवरही लिहिलंय. कारण सापडत नाही, तरी मन भरून येतं, त्याबद्दल. आम्ही ती वाचली. दोन मिनिटं शांत बसलो. मग एक पोरगा, जो तीन महिने येत होता आणि कधी एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘असं मला पण होतं. संध्याकाळी.’

एवढंच. पुढे काही बोलला नाही. पण बाईंच्या लक्षात आलं. तास संपल्यावर त्या त्याच्याबरोबर चालत घरापर्यंत गेल्या. नोव्हेंबरच्या अवकाळीत त्याच्या घरचा वेचणीला आलेला कापूस भिजून काळा पडला होता, घरात दोन महिने कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं, आणि हे पोरगं दहावीचं वर्ष मनात घेऊन एकटंच गच्चीवर बसून राहायचं. बाईंनी त्याच्या आईशी बोलणं केलं. शाळेतल्या सरांशी बोलणं केलं. त्या घरात बोलणं सुरू झालं.

आता मला सांगा, उदासी त्या पोराच्या डोक्यात आम्ही घातली का? ती आधीच होती. कवितेनं फक्त तिला नाव दिलं. आणि त्या पोराला एक कळलं, की शंभर वर्षांपूर्वी याच मातीतल्या, धरणगावच्या एका तरुण माणसाला अगदी असंच झालं होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही, लिहिलं. आपण एकटे नाही हे कळायला कधी कधी एवढंच पुरतं. सिंह व्हा, गरुड व्हा, असं सांगून हे होत नाही. ज्याचा कापूस भिजलाय त्या घरातल्या पोराला ‘परिस्थितीला दोष देऊ नका’ म्हणणं म्हणजे, तोंड बंद ठेव म्हणण्यासारखं आहे.

मी प्रेरणेच्या विरोधात नाही. पण प्रेरणा म्हणजे गुड मॉर्निंगचा मेसेज नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. सगळ्यांच्या स्टेटसला असते, बहुतेक वेळा शेवटची ओळ तेवढी. पण त्या शेवटच्या ओळीच्या आधी काय आहे? पूर आलेला आहे. घराची भिंत खचलेली आहे. घरात होतं ते गेलेलं आहे. त्या माणसाला पैसे देऊ करतात ते त्याला नकोत. हे सगळं सोसून झाल्यावर ती ओळ येते म्हणून ती ओळ आहे. पूर कापून टाकून नुसता जोश ठेवला तर राहतं काय? आणि पोरांना हे कळतं बरं. आम्ही ती पूर्ण वाचली तेव्हा नदीकाठच्या गल्लीतल्या पोरीनं विचारलं, ‘काका, पाणी घरात आलं होतं तेव्हा माझ्या पप्पांनी पण कुणाकडे पैसे मागितले नव्हते. मग ते कुणाकडे गेले असतील?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं घरी जाऊन विचारलं. पप्पांनी सांगितलं. काय सांगितलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

नारायण सुर्वे वाचले तर आणखी एकाला आक्षेप होता, ‘त्यात कामगार, वस्ती, हेच असतं.’ अहो, मग काय असणार? गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं ज्याला रस्त्यावरून उचलून घरी नेलं, स्वतःचं नाव दिलं, त्या माणसानं गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई म्हणून काम केलं, मग शिक्षक झाला, आणि १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. यापेक्षा प्रेरणादायी तुम्हाला काय पाहिजे? पण तो स्वतःच्या वस्तीबद्दल बोलायला लाजला नाही, हीच त्यातली प्रेरणा आहे. ज्या पोराचा बाप हमाली करतो त्या पोरानं ते पुस्तक तीन वेळा पुन्हा पुन्हा नाव लिहून नेलं. वाचनालयाच्या रजिस्टरला नोंद आहे, बघून घ्या.

आता थोडं आपल्याबद्दल. माझ्यासकट.

२७ फेब्रुवारीला आपल्या वाचनालयावर बॅनर लागला होता. मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा मोठा फोटो, खाली अकरा जणांचे छोटे फोटो. दीपप्रज्वलन झालं. तीन भाषणं झाली. तिन्ही भाषणांत, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, हे सांगून टाळ्या घेतल्या. मी पण तिथे होतो, मी पण वाजवल्या. त्या तीन भाषणांत मिळून एकही कविता कुणी पूर्ण म्हटली नाही. मग दोन महिन्यांत हा कागद लागला.

अभिजात दर्जा कागदावर मिळतो. भाषा पोरांच्या तोंडात राहते, नाहीतर राहत नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी जे ‘पु. ल. म्हणतात’, ‘व. पु. म्हणतात’, ‘कुसुमाग्रजांची सुंदर कविता’ म्हणून येतं, त्यातलं किती त्यांचं असतं? कुणीतरी चार यमकं जुळवतो, खाली मोठं नाव लावतो, आणि आपण हात जोडलेली इमोजी टाकून पुढे ढकलतो. पुस्तक उघडून बघत नाही. शोधायला गेलो तर दहा पावलांवर वाचनालय आहे, कपाटात पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाला शेवटचा तारखेचा शिक्का पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. आमच्या तासाची पोरं आता ग्रुपवर असलं काही आलं की विचारतात, ‘कुठल्या संग्रहात आहे?’ घरची माणसं चिडतात. मला फार बरं वाटतं.

आपला जिल्हा कवितेच्या बाबतीत काही आजचा नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं तिथे कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ते नाव त्याला कायमचं चिकटलं. त्या संमेलनात कुणी विचारलं असतं, ‘पोरांना कशाला चढवता व्यासपीठावर, अभ्यास करू द्या,’ तर? अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. रोज! एक माणूस, शाळेचं काम सांभाळून. आणि अजिंठ्याच्या पायथ्याला पळसखेड्यात शेती करणारे ना. धों. महानोर, ज्यांचं शिक्षण जळगावला झालं, ते विधान परिषदेत आमदार म्हणून गेले आणि तिथे पाण्यावर, शेतीवर बोलले. कविता लिहिणारा माणूस व्यवहारात कच्चा असतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर हे तिघं गावोगाव जाऊन कविता वाचायचे आणि लोक तिकीट काढून ऐकायला बसायचे, हे आपल्या आधीच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. गावोगावच्या वस्त्यांत वामनदादा कर्डकांची गाणी ऐकायला लोक रात्र रात्र जागायचे, आणि ते वामनदादा स्वतः मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले होते. तेव्हा ‘आपल्या लोकांना कविता कळत नाही’ हे मला सांगू नका. कळत होती. आपण ती पेपरात कोंडली आणि बॅनरवर टांगली.

मागणं काय आहे?

फार नाही.

एक, तो कागद काढा. शनिवारची वेळ पूर्वीसारखी ठेवा. खोली अभ्यासिकेला द्यायचीच असेल तर द्या, आम्ही वाचन दालनात बसू, पेपर वाचणारे आजोबा आमच्यावर रागावणार नाहीत, उलट त्यांच्यातले दोघे आधीच येतात म्हणालेत.

दोन, काय वाचायचं ते पालकांच्या एका तक्रारीवर ठरवू नका. ज्यांना शंका आहे त्यांनी एका शनिवारी येऊन मागे बसावं. पूर्ण दीड तास. मग बोलावं. ज्या पालकांची तक्रार आहे त्यांनी तर अवश्य यावं, त्यांच्याच हातात पुस्तक देऊ, पहिली कविता त्यांनीच निवडावी. हे टोमण्यानं म्हणत नाही.

तीन, अभ्यासिकेतल्या पोरांनाही बोलवा. चार-चार वर्षं एका खुर्चीत बसून, निकालाची वाट बघून ती पोरं आतून किती सुकलीत ते आपल्याला दिसत नाही. माझ्या पुतण्याचा मागच्या वेळी दोन मार्कांनी कट-ऑफ गेला. पंधरा दिवस घरात कुणाशी बोलला नाही. मग एका शनिवारी अभ्यासिकेतून उठून आमच्या खोलीत येऊन बसला. काही म्हटलं नाही, वाचलं नाही, ऐकून गेला. पुढच्या शनिवारी परत आला. अभ्यासिका आणि कविता यांचं वैर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याला विचारावं.

वाचनालयाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. सभासद असाल तर या. दरवर्षी कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून मग आठ जणांत उरकते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे हा निर्णय घेणाऱ्यांइतकेच न येणारे आपणही जबाबदार आहोत. सभासद नसाल तर व्हा. वर्गणी एका पिझ्झापेक्षा कमी आहे.

आणि सभेची वाट न बघता सगळ्यांना करता येईल असं एक काम आहे. आज रात्री घरातल्या पोराला किंवा पोरीला एक कविता वाचून दाखवा. पाठ असेल तर म्हणा. अर्थ सांगू नका. तात्पर्य तर मुळीच सांगू नका. वाचा आणि दोन मिनिटं गप्प बसा. पोरगं काही बोललं तर ऐका. नाही बोललं तर झोपू द्या.

येत्या शनिवारी कुलूप असलं तरी आम्ही साडेपाचला वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसणार आहोत. पायऱ्या सार्वजनिक आहेत, तिथे बसायला ठराव लागत नाही. बाई सतरंजी आणणार आहेत. ती आजी पण येते म्हणालीय, तिला आणायला नातीबरोबर मी गाडी घेऊन जाणार आहे. सातनंतर अंधार पडतो, पायऱ्यांवरचा दिवा गेल्या महिन्यापासून बंद आहे. तो मी शुक्रवारी दुरुस्त करून ठेवतो.